काटा यायचा राहिलेला हलवा

विहीणबाई,

तुमच्या तेरवीच्या दिवशी भर पंगतीत मी एका पोरीच्या हातातली मुखवासाची ताटली हिसकावून घेतली. तुमच्याच घरात, अकोल्याला, तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर. लोक म्हणाले, अमरावतीच्या विहीणबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणू द्या. मी कोणाची माफी मागितली नाही आणि मागणारही नाही.

झालं असं, की जेवणं आटोपत आली होती. मी हात धुऊन पुढच्या खोलीत टेकले होते. तुमची पुतणी ताटली फिरवत आली. पांढरे, गोल, गुळगुळीत दाणे. मी चिमूटभर तोंडात टाकले. वरची साखर विरघळली आणि दाताखाली बडीशेप आली नाही, तीळ आला. भाजलेला तीळ. तेरवीच्या मुखवासात साखर चढवलेला तीळ कोण ठेवतं? आणि मग एकदम लख्ख समजलं. हा हलवा होता. संक्रांतीचा हलवा, काटा यायच्या आधीचा, अर्धवट राहिलेला. आपल्या नातीच्या, जुईच्या पहिल्या बोरन्हाणाचे दागिने करायला तुम्ही घेतलेला.

“हे कुठून काढलं गं?” मी ओरडलेच.

“मोठ्या काकूच्या फळीवरच्या डब्यातून,” पोरगी घाबरली. “साखरेची बडीशेप होती नं डबाभर. विकत आणलेली सरली म्हणून हे काढलं.”

डबाभर होता! आणि आता ताटलीत मूठभर राहिला होता. बाकीचा गावाच्या पोटात. समोर एक गृहस्थ अजून चिमूट घ्यायला हात लांब करून राहिले होते, त्यांच्या बोटांखालून मी ताटली ओढली. थोडे दाणे सतरंजीवर सांडले, ते मी गुडघे टेकून एकेक वेचले. तुमची लेक, माझी सून पल्लवी, आतून धावत आली.

“आई, काय करून राहिल्या तुम्ही? लोक पाहून राहिले.”

“पाहू दे. हा तुझ्या मम्मीचा हलवा हाय. जुईचा.”

तिनं एक दाणा तळहातावर घेतला, बोटानं फिरवून पाहिला आणि मटकन खाली बसली. तुम्ही गेल्यापासून ती पोरगी रडली नव्हती. चहा करत होती, पाहुण्यांच्या चपला लावत होती, बाबांच्या गोळ्या काढून देत होती. त्या दिवशी मात्र ती रडली, आणि मी ताटली पदराखाली धरून तिच्या शेजारी बसून राहिले. तुमच्या त्या पुतणीलाही नंतर जवळ घेतलं. तिची काय चूक? काटा नसलेला हलवा आणि साखरेची बडीशेप, कोणालाही सारखंच दिसेल.

आता तुमच्याकडे वळते. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे आणि मला अर्धवट काही ठेवायची सवय नाही.

आपली ओळखच मुळी भांडणानं झाली. लग्नात नवऱ्या मुलीच्या आईनं रुखवत मांडायचं आणि मुलाकडच्या बायकांनी ते पाहून नाक मुरडायचं, ही रीतच. मी नाक मुरडायच्या तयारीनंच आले होते. पाहते तर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं हातचं. कणकेचे गव्हले, नखुले, मालत्या, काडीवर वळलेले सरगुंडे, साखरेचं तुळशीवृंदावन, आणि मधोमध शेवयांनी लिहिलेली नवरानवरीची नावं. मी म्हटलं, “बाप्पा! इतकं कायले केलं? हे खाईन कोण?” तुम्ही डोळ्याची पापणी न हलवता म्हणालात, “खाणं होत नसन तर पाहून घ्या. डोळ्याले तर पचते नं?” माझ्या बडनेऱ्याच्या नणंदेनं तोंडावर हात ठेवला. मला तुम्ही त्या घडीला आवडलात. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसल्या असत्या.

मग दर संक्रांतीला तेच. हळदीकुंकवाला मी स्टीलच्या वाट्या वाटायची, तुम्ही ब्लाउजपीसच्या कापडाच्या पोटल्या शिवून त्यात तिळाच्या वड्या घालायच्या. तुमचं म्हणणं एकच होतं, दारी आलेल्या बाईच्या हातावर ठेवायचं ते आपल्या हातचं पाहिजे. माझं म्हणणं, ते उपयोगाचं पाहिजे. “वाटीत वरण घेता येते, विहीणबाई. पोटलीत काय घ्याचं?” असं मी फोनवर विचारायची, आणि तुम्ही म्हणायच्या, “वाटी कोणं देली हे ध्यानात राह्यते का कोणाच्या?”

जुईच्या बारशाला तर तुम्ही कहर केला. आलेल्या प्रत्येकीसाठी कागदाचा इवलासा पाळणा, त्यात निजलेला पेढा, आणि पेढ्यावर पल्लवीच्या लहानपणच्या फ्रॉकच्या कापडाचं पांघरूण. मी म्हटलं, “विहीणबाई, बारशाले आलेल्या बायकाईले बाळ खाऊ घालता का?” सगळ्या हसल्या, तुम्ही सोडून. तुम्ही मनापासून चिडलात. पण खरं सांगू का, मी त्या दिवशी वाटलेला डबा माझ्या नणंदेनं धुणंभांडीवालीला देऊन टाकला आणि तुमचा तो पाळणा अजून तिच्या देवघरात आहे. हे मला ठाऊक होतं. तुमच्यासमोर कबूल करायची माझी तयारी नव्हती.

आणि मग आपलं ते शेवटचं बोलणं. मी म्हटलं, जुईच्या बोरन्हाणाले हलव्याचा तयार सेट घेऊन टाकू, आमच्या अमरावतीत मुकुटापासून तोड्यांपर्यंत सगळं मिळते. झालं! तुम्ही फोनमधून बाहेर यायच्या बाकी राहिल्या होत्या.

“विकतचा? नातीच्या अंगावर? मी सुरू बी केला हलवा. तिळाले साखर चढून राहिली हाय, डबाभर झाला. आता जरा कडक थंडी पडू द्या, की काटाच फुटते पाहा.”

“तुमाले दम लागते. त्या शेगडीपाशी बसू नोका.”

“लागते तं लागते.”

“लय हट्टी बाई हा तुमी!”

“मंग? विहीण कोणाची हावो?”

तेवढ्यात माझ्या कुकरची शिट्टी झाली. उद्या बोलू म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो व्याह्यांचा आला. ते फक्त एवढंच म्हणाले, की पल्लवीले घेऊन या.

तुम्ही शेगडीपाशी बसायला नको होतं, हे मी आजही म्हणते. डॉक्टर म्हणाले, शेगडीचा याच्याशी काही संबंध नाही, हृदय होतं. डॉक्टर म्हणोत. मला तुम्ही पाहिजे होतात. तुम्ही बसलेल्या असत्या, समोर पाटावर जुई, आणि तिच्या अंगावर बाजारचा गुळगुळीत, मशीनचा, जीव नसलेला हलवा, तर मला तो चालला असता. राग आहे माझा तुमच्यावर. फार आहे.

असो. ताटलीतला मूठभर हलवा मी रुमालात बांधून अमरावतीला आणला. घरात पाय ठेवल्या ठेवल्या पल्लवीनं तो माझ्या हातातून घेतला, काचेच्या बरणीत भरला आणि आपल्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवला.

“याला कोणी हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “मम्मीच्या हातचं शेवटचं आहे.”

मी दोन दिवस दम खाल्ला. माझ्यासाठी ते खूप झालं. मग म्हटलं, “पल्लवी, रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करता येते. तो हलवा पुरा करू अन् पोरीच्या अंगावर घालू.”

“नाही.”

“साखर हाय ते. पावसाळ्यात पाझरन. मुंग्या लागतीन.”

“लागू द्या. पण मी नाही देणार.”

तिचंही चुकत नव्हतं. माझी आई गेली तेव्हा मी तिचा चष्मा असाच लपवून ठेवला होता. पण चष्मा टिकतो, विहीणबाई. तीळ खवट होतात. बरणीत ठेवून तो हलवा तुमचा राहणार नव्हता, त्याचं चिकट पाणी होणार होतं, आणि एखाद्या आषाढात पल्लवीनं बरणी उघडली असती तर तिला तुम्ही दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं असतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

आणि जुईचं काय? पोरगी जेमतेम वर्षाची. तिला तुमचा चेहरा आठवणार नाही, आवाज आठवणार नाही. मोठी झाली की आपण फोटो दाखवू, ही बघ अकोल्याची आजी. फोटोतल्या आजीला पोरगी नमस्कार करेल आणि खेळायला पळेल. तुमच्या हातचं काही तिच्या हाती पडायचं असेल तर ते एवढंच होतं, बरणीच्या तळाशी असलेलं, आणि ते याच महिन्यात पडायला हवं होतं. थंडी सरली की काटा येत नाही, हे तुम्हीच मला हजारदा ऐकवलेलं.

मग मी ठरवलं. मी एकदा ठरवलं की काय होतं, ते तुमच्या जावयाला विचारा.

तो म्हणालाच, “आई, जाऊ दे नं. पुढच्या वर्षी करू.” त्याला म्हटलं, तू गप राह्य. बडनेऱ्याहून नणंदेचा फोन, “पोरीची आजी जाऊन महिना नाई झाला, अन् तुमी बोरन्हाणाची लूट करून राहिल्या? लोक काय म्हणतीन? वर्ष होऊ द्या.” तिला म्हटलं, “वर्ष अकोल्याच्या घराले. लेकरू आपल्या घरचं हाय. अन् लोकाईनं तेरवीले तिचा डबाभर हलवा खाल्ला, आता काय म्हणाचं ते म्हणू दे.” ती म्हणाली, काय खाल्लं? मी म्हटलं, काही नाही, तू ये, जुईसाठी बोरं घेऊन ये. ती आली. तीही तशी बरी आहे.

एका माणसाला विचारल्याशिवाय मात्र मला करायचं नव्हतं. व्याह्यांना फोन लावला. म्हटलं, हे नको म्हणाले तर माझा हट्ट तिथेच संपला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “काळं झबलं शिवून ठेवलं हाय तिनं. चांदण्या लावाच्या राह्यल्या. तसंच आणू का?”

“तसंच आणा,” मी म्हटलं. आणि फोन ठेवला.

पल्लवी बरणी देईना, म्हणून मी आधी स्वतःचे तीळ घेतले. म्हटलं शिकते, हात बसवते, मग तिला दाखवते. तुम्ही हे सगळं पाहत असाल तर कृपा करून हसू नका. पाक पातळ केला, दुधाचा शिपका देऊन मळी काढली, जाड तव्यावर परात ठेवली, खाली गॅस बारीक. चमचाभर पाक तिळावर टाकायचा आणि तो सुकेपर्यंत हातानं फिरवत राहायचं, सुकला की पुन्हा चमचाभर. एवढं तर पाहून पाहून मलाही माहीत होतं. पहिली खेप करपली. दुसरीची चिक्की झाली, ती तुमच्या जावयानं खाल्ली. तिसरी पांढरी झाली, गोल झाली, दाणे सुटे झाले, मला आनंद झाला आणि काटा काही येईना. सकाळभर फिरवली. बोटं पोळून लाल झाली. निरा बोडका हलवा!

मी परातीशी बोलायला लागले. “ये नं बाप्पा, ये. कावून नाई येत?” आणि मग तुमच्यावर चिडले. फोन खांद्याला लावून, माझ्याशी तावातावानं भांडत, तुम्ही हे एका हातानं कसं करत होतात? वर म्हणायच्या, सोपं हाय. काय सोपं हाय? दंडापर्यंत हात दुखत होता माझा.

मागून आवाज आला. “आई, तळहातानं नका दाबू.”

पल्लवी दारात उभी होती, जुई कडेवर.

“मंग कशानं दाबू?”

“दाबायचंच नाही. टोकांनी फिरवायचं, फक्त बोटांच्या टोकांनी. तळहात लागला की आलेला काटा मोडते. अन् गॅस बंद करा थोडा वेळ. परात कोमट पाहिजे, तुमची तापून राहिली.”

मी तसं केलं. म्हणजे मला वाटलं मी तसं केलं. ती दोन मिनिटं पाहत राहिली. मी मुद्दाम करत नव्हते हो, विहीणबाई, खरंच मला जमत नव्हतं.

“सरका,” ती म्हणाली.

जुईला तिनं माझ्या मांडीवर टाकलं आणि परातीसमोर बसली. तुमच्यासारखीच, डावा पाय दुमडून. माझे बोडके दाणे बाजूला काढले, मूठभर नवे तीळ घेतले. खिडकी उघडी ठेवायला सांगितली तिनं, वारा यायला. दुपार झाली, ऊन ओट्यावरून खाली उतरलं, जुई जेवून झोपली, आणि परातीतल्या दाण्यांवर बारीक टोकं दिसायला लागली. पल्लवीनं हात थांबवला. मग उठली आणि बरणी घेऊन आली.

झाकण काढलं, पण ओतवेना तिला.

“बिघडलं तर, आई?”

“बिघडलं तं मी खाईन.”

“थट्टा नका करू.”

“थट्टा नाई करत. आतून तुझ्या मम्मीच्या हातचं, वरून तुझ्या हातचं. बिघडलेलं बी गोडच लागन मले.”

तिनं ओतले. मूठभर दाणे त्या एवढ्या परातीत अगदीच थोडे दिसत होते. ती पाक टाकत गेली, टोकांनी फिरवत गेली. रोज सकाळी, थंडी अंगावर असताना, चारदोन पुटं. त्या दिवसांत ती तुमच्याबद्दल बोलायला लागली. तुम्ही तिला चौथीत असताना शेवया वळायला बसवलं आणि ती पळून गेली, ते. तुमच्याकडे रद्दीवाला आला तरी त्याच्या हातावर काहीतरी घरचं पडल्याशिवाय तो जायचा नाही, ते. आणि एका सकाळी परातीत बोटं फिरवता फिरवता थांबून ती म्हणाली,

“आई, मला तेरवीला सगळ्यांचा राग आला होता. डबाभर हलवा खाऊन गेले म्हणून. पण पाहा नं, मम्मीच्या घरून कोणी कधी तिच्या हातचं घेतल्याशिवाय गेलं नाही. त्या दिवशीही नाही गेलं. तेरवीचं वाणसुद्धा तीच करून ठेवून गेली.”

मला रडू आलं ते आलंच. विहीणबाई, जन्मभर मी तुमच्याशी वाद घातला आणि एक वाद तुम्ही गेल्यावर जिंकलात. वाट्या वाटणाऱ्या बाईच्या तेरवीला लोक काय घेऊन जाणार होते?

काटा आला. तिसऱ्या की चौथ्या सकाळी बारीक दिसला, आणि मग रोज वाढला, टोकदार, पांढराशुभ्र. माझ्या हातून तर तो कधी आला नसता, हे मी लिहून देते. दाणे हरभऱ्याएवढे झाले. त्या मूठभरात काही पूर्ण सेट होणार नव्हता. पल्लवीनं दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवून गळ्यातली एक माळ केली आणि दोन बांगड्या. बस, एवढंच झालं. मुकुट राहिला. मी म्हटलं विकत आणू, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं तुम्हीच बसल्या आहात. शेवटी सोनेरी कागदाच्या पट्टीवर माझे बोडके दाणे चिकटवून मुकुट केला. लांबून चांगला दिसत होता. जवळ जायची कोणाला गरज नव्हती.

आणि लूट घ्यायला येणाऱ्या पोट्ट्यांसाठी मी माझ्या हातानं मुरमुऱ्याचे लाडू वळले. पतंगाच्या रंगीत कागदात बांधले, वर कात्रणाच्या झिरमिळ्या लावल्या. खरंच. तुमच्या पुतणीला मुखवास वाटायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त मला एकेक लाडू बांधायला लागला. पण प्रत्येक लाडवाखाली मी स्टीलची एक वाटी ठेवली. माझं मत मी बदललेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून मी सगळंच मान्य करायचं, असं काही ठरलं नव्हतं आपलं.

रथसप्तमीच्या दोन दिवस आधी, गच्चीवर, सकाळच्या उन्हात केलं बोरन्हाण. बँडबाजा नाही, गाणी नाहीत, माईक नाही. शेजारच्या घरची पोट्टी, माझी नणंद, आणि अकोल्याहून पहिल्या गाडीनं आलेले व्याही. त्यांनी पिशवीतून झबलं काढलं. चांदण्या लावलेल्या होत्या. वेड्यावाकड्या टाक्यांच्या, एक तर उलटीच. कोणी लावल्या ते कोणी विचारलं नाही. त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती.

जुईला पाटावर बसवलं. काळं झबलं, गळ्यात माळ, हातात बांगड्या, डोक्यावर माझा मुकुट. पल्लवीनं ओवाळलं. मग मी डोक्यावरून ओतलं, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, मुरमुरे, रेवड्या. पोट्टे तुटून पडले. जुई आधी दचकली, मग त्या गोंधळात टाळ्या पिटायला लागली, आणि टाळी पिटता पिटता तिला हातातली बांगडी दिसली. तिनं ती सरळ तोंडात घातली. कर्रकन आवाज आला.

पल्लवीचा हात झडपेनं पुढे गेला. मी पाहिलं. इतके दिवस जिवापाड जपलेलं, आणि पोरगी ते दोन दातांनी फोडत होती. नणंद “अगं, दोरा जाईन पोटात” म्हणत पुढे आली, तिला मी दंडाला धरून मागे ओढलं.

पल्लवीचा हात जुईच्या गालापाशी थांबला. तिनं ओठाशी आलेला दोरा हळूच ओढून काढला, दाणे तिच्या तळहातावर मोकळे करून ठेवले.

“खा,” ती म्हणाली. “आजीनं केलंय तुझ्यासाठी.”

मग तिनं गळ्यातल्या माळेतले दाणे सोडले. एक बाबांना दिला, एक मला दिला, एक स्वतःच्या तोंडात घातला. व्याही तो दाणा हातात घेऊन कठड्यापाशी गेले आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. माझ्या जिभेला काटा टोचला, विहीणबाई. चांगला टोचला. मग साखर विरघळली, एकामागून एक पुटं गेली, वरची तिची, आतली तुमची, आणि शेवटी तो भाजलेला तीळ दाताखाली आला.

पोट्टे वाट्या वाजवत खाली गेले. जुईच्या हनुवटीपासून कोपरापर्यंत सगळं चिकट झालं होतं, आणि मांडीवर माळेचा नुसता दोरा पडला होता. पल्लवीनं तो उचलला, केरात टाकला आणि जुईला नळाखाली धरलं.

“आई,” तिनं मला हाक मारली, “एक दाणा नाही ठेवला हिनं. मम्मीचा सगळा हलवा खाल्ला.”

ती हसून राहिली होती.